‘तात्पुरती’ पातळी, कायमची किंमत

मे महिन्याच्या अखेरीस गंगरेलच्या जलाशयाकाठी उभे राहिले, की पाणी किती आहे यापेक्षा ते किती होते हेच आधी डोळ्यांत भरते. टेकड्यांच्या अंगावर एकाखाली एक आडव्या रेघा उमटलेल्या असतात. वरची ऑक्टोबरची, खालची संक्रांतीच्या आसपासची, त्याखालची होळीची. त्याच्याही खाली भेगाळलेला गाळ आणि मग पाणी. रायपूरहून धमतरीमार्गे येथे यायला दोन-अडीच तास लागतात. मी दरवर्षी एकदा तरी येतो, आणि शक्यतो उन्हाळ्यातच येतो. भरलेले धरण सगळ्यांनाच सुंदर दिसते. रिकामे होत चाललेले धरण मात्र काहीतरी सांगत असते.

या वेळी काठावर एक वयस्कर शेतकरी भेटला. पाणी ओसरलेल्या गाळात त्याने काकडी आणि कलिंगडाचे वेल लावले होते. महाराष्ट्रात ज्याला गाळपेर म्हणतात, तीच ही शेती. ही जमीन तुझी का, असे विचारल्यावर त्याने हात लांब करून पाण्याकडे दाखवले. वडिलांची जमीन तिकडे, खाली, बारमाही पाण्यात होती. ही दुसऱ्या कोणाची तरी. पाणी अजून किती दिवस खालीच राहील, असा प्रश्न त्याने मला केला. शहरातून आलेल्या, हातात वही असलेल्या माणसाला ते ठाऊक असेल असे त्याला वाटले असावे. मी म्हणालो, कार्यालयात विचारावे. तो हसला. पाणी येऊन गेल्यावर कार्यालयात सगळे समजते, असे काहीसे तो पुटपुटला आणि पुन्हा वेलांकडे वळला.

ते हसू मला परतीच्या वाटेवर सोडवेना. धरणाची उंची, साठवणक्षमता, सिंचनक्षेत्र, मेगावॅट यांवर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. गंगरेलची कोनशिला ५ मे १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते बसवली गेली, त्या दशकाच्या अखेरीस धरण उभे राहिले, बावन्न गावे पाण्याखाली गेली, अंगारमोती देवीलासुद्धा आपले ठाणे सोडून काठावर यावे लागले, हे या भागात लहान मुलालाही माहीत असते. विस्थापितांचा लढा न्यायालयापर्यंत गेला, हेही सर्वांना ठाऊक आहे. परंतु धरण बांधून झाल्यानंतर, त्याच्या उरलेल्या सगळ्या आयुष्यात, त्यातील पाणी रोज कोणाच्या निर्णयाने वर जाते आणि कोणाच्या निर्णयाने खाली येते, हा प्रश्न आपण जवळपास विचारतच नाही. तो तांत्रिक मानला जातो. आणि सरकारी भाषेत या चढउतारासाठी एक निरुपद्रवी विशेषण तयार असते: तात्पुरता. पातळी तात्पुरती वाढवण्यात येत आहे. दुरुस्तीसाठी पातळी तात्पुरती कमी करण्यात येत आहे. जणू जे तात्पुरते आहे, त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

या देशाला जलाशयाची पातळी अचानक आठवली असा एक प्रसंग आमच्याच राज्यात घडला आणि तो हास्यास्पद होता. मे २०२३मध्ये कांकेर जिल्ह्यातील पखांजूरजवळ, परलकोट जलाशयाच्या काठावर, एका अन्न निरीक्षकाचा महागडा भ्रमणध्वनी पाण्यात पडला. तो शोधण्यासाठी सांडव्याजवळच्या साठ्यात डिझेल पंप लावून तीन-चार दिवस पाणी उपसण्यात आले. फोन सापडला, पण तो बंद पडलेला होता. आधी एकवीस लाख लिटर आणि नंतरच्या मोजणीत चाळीस लाख लिटरच्या आसपास पाणी वाया गेल्याचे सांगितले गेले. अधिकारी निलंबित झाला, त्याच्याकडून त्रेपन्न हजार रुपयांच्या वसुलीचा आदेश निघाला, आणि दूरदेशीच्या वर्तमानपत्रांनीही ती बातमी चवीने छापली.

संताप योग्यच होता. परंतु एक साधा हिशेब करून पाहावा. कोरबा जिल्ह्यातील मिनीमाता हसदेव बांगो धरणावर प्रत्येकी ४० मेगावॅटचे तीन जलविद्युत संच आहेत. त्यांतील एकच संच पूर्ण क्षमतेने चालला, तर एवढे पाणी साधारण मिनिटभरात खालच्या नदीपात्रात उतरते. ते वाया जात नाही, त्यातून वीज होते आणि पुढे दर्रीच्या बंधाऱ्यावरून ते कोरब्याच्या औष्णिक केंद्रांना आणि जांजगीर-चांपाच्या कालव्यांना मिळते, हे मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. एका माणसाने चार दिवसांत उपसलेल्या पाण्याचा जाब देशाने विचारला. तेवढेच पाणी दर मिनिटाला कोणाच्या आदेशाने, कोणत्या वेळी, कोणाला कळवून सोडले जाते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

विचारले तर उत्तर सोपे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जलाशयाची पातळी म्हणजे एकाच दोरीला चार बाजूंनी दिलेला ताण आहे. वीज केंद्राला पाणी शक्य तितके उंच हवे असते. साठ मीटर उंचीवरून पडणारे सुमारे सात हजार लिटर पाणी एक युनिट वीज देते; उंची चाळीस मीटरवर आली की तेवढ्याच विजेसाठी साडेदहा हजार लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडते. म्हणून अभियंत्याला भरलेले धरण प्रिय. पूरनियंत्रणाला नेमके उलट हवे असते: ऐन पावसाळ्यात धरणात मोकळी जागा असली पाहिजे, नाहीतर येणारा लोंढा झेलायचा कुठे? शेतकऱ्याला पाणी हवे ते पिकाच्या तारखेनुसार, वीज महामंडळाच्या घड्याळानुसार नव्हे. कारखान्याला आणि शहराला ते बारमाही, एकसारखे हवे. आमच्याकडे यात आणखी एक मागणी असते. एप्रिल-मे महिन्यांत गावोगावचे तलाव भरण्यासाठी ‘निस्तारी’चे पाणी सोडावे लागते, गुरे, आंघोळ, धुणी सगळे त्या तलावांवर चालते. गंगरेलवर केवळ १० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, पण त्याच पाण्यावर भिलाईचा पोलाद कारखाना आणि रायपूरकरांचे नळ अवलंबून आहेत. हे सगळे ताण सांभाळण्यासाठी प्रत्येक मोठ्या धरणाचा परिचालन आराखडा असतो. कोणत्या तारखेला पातळी किती असावी याची ती वक्ररेषा. कागदावर ती अत्यंत सुबक दिसते. पावसाने मात्र ती पाहिलेली नसते.

तेव्हा अभियंत्यांना खलनायक ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. मी ज्या काही धरण अभियंत्यांना भेटलो आहे, ते पावसाळ्यातल्या रात्री नीट झोपत नाहीत. तक्रार त्यांच्या निर्णयक्षमतेविषयी नाही. ज्यांच्या अंगावर तो निर्णय येऊन पडतो, त्यांना त्या निर्णयाच्या आसपासही स्थान नाही, ही तक्रार आहे.

७ एप्रिल २००५ची संध्याकाळ आठवावी. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या धाराजी येथे भूतडी अमावास्येचा मेळा भरला होता. हजारो भाविक पात्रात स्नानासाठी उतरले होते. उन्हाळ्यातली नर्मदा, पात्रात वाळू आणि खडक, कमरेपर्यंत पाणी. वरच्या बाजूला इंदिरा सागर धरण होते. वीजनिर्मितीसाठी तेथून पाणी सोडले गेले आणि अंधार पडण्याच्या सुमारास नदी अचानक चढली. साठच्या वर माणसे वाहून गेली. आकाशात ढग नव्हता. मेळा वर्षानुवर्षे त्याच तिथीला, त्याच जागी भरत होता. पंचांग जिल्हा प्रशासनाच्या टेबलावरही असते. वीजकेंद्राला मेळ्याची खबर नव्हती आणि मेळ्याला वीजकेंद्राची.

नऊ वर्षांनी, ८ जून २०१४ रोजी, हिमाचलमध्ये बियास नदीवर तेच घडले. हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी सहलीला आले होते, थलौटजवळ नदीपात्रातल्या दगडांवर उभे राहून छायाचित्रे काढीत होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडण्यात आले. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक सहल संयोजक वाहून गेले. त्या घटनेची चित्रफीत त्या वेळी साऱ्या देशाने पाहिली. पाणी वाढत असतानाही ती मुले प्रथम पळत नाहीत. पाणी वाढते आहे हे त्यांना कळत नव्हते असे नव्हे. ते थांबेल असे त्यांना वाटत होते. कोरड्या दिवसात नदी इतकी चढू शकते, हे माणसाच्या अनुभवात बसतच नाही. नैसर्गिक नदी आधी गढूळ होते, आवाज बदलते, वरून फांद्या आणि पालापाचोळा आणते. टर्बाइनमधून आलेले पाणी यांपैकी काहीच करीत नाही. ते स्वच्छ असते, थंड असते आणि न सांगता येते. उच्च न्यायालयाने पुढे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कुटुंबाला वीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निष्काळजीपणाची किंमत अशी ठरली, पण सूचनेची व्यवस्था देशभर तशीच विस्कळीत राहिली.

हे झाले धरणाच्या खालचे. धरणाच्या वर ‘तात्पुरत्या’चा अर्थ आणखी निराळा असतो. २०१२च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओंकारेश्वर प्रकल्पाची पातळी १८९ मीटरच्या वर नेण्यास सुरुवात झाली तेव्हा खंडवा जिल्ह्यातील घोगलगावचे स्त्री-पुरुष वाढत्या पाण्यातच उभे राहिले. सतरा दिवस. मानेपर्यंत पाणी, पायांची कातडी सडलेली. पुनर्वसन झालेले नसताना चार मीटर पातळी वाढवणे म्हणजे कागदावर चार मीटर होते, जमिनीवर मात्र ती उभी पिके, विहिरी आणि घरांचे उंबरठे होते. अखेर सरकारने पातळी १८९ मीटरवर परत आणली. म्हणजे आणता येत होती. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पातळी ही निसर्गाची आज्ञा नाही, तो प्रशासकीय निर्णय आहे आणि तो फिरवता येतो, हे त्या सतरा दिवसांनी सिद्ध केले.

आता महानदीकडे येतो, कारण रायपूरमध्ये बसून याविषयी लिहिताना ती टाळता येणार नाही. आमच्या राज्यातून वाहणारी ही नदी ओडिशात शिरताच हिराकूडला थांबते. १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंनी या धरणाचे उद्घाटन केले. त्याच्या जलाशयाची पातळी वर्षभरात ५९० फुटांपासून ६३० फुटांपर्यंत हलते. चाळीस फूट! सातशेहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेल्या जलाशयात चाळीस फूट म्हणजे कित्येक गावांची जमीन दरवर्षी पाण्यातून वर येते आणि पुन्हा आत जाते. उन्हाळ्यात तेथे बुडालेल्या मंदिरांचे कळस दिसू लागतात, पर्यटक होड्यांतून ते पाहायला जातात. त्याच मोसमात विस्थापितांची मुले-नातवंडे उघड्या पडलेल्या गाळात भाजी पिकवतात. एकच उतरलेले पाणी: एकाला देखावा, दुसऱ्याला चार महिन्यांची भाकरी.

या जलाशयाचे पाणलोट क्षेत्र बहुतांश छत्तीसगडमध्ये आहे, आणि भांडणाचे मूळ तेथेच आहे. ओडिशाचे म्हणणे असे, की वरच्या बाजूला कलमासारखे बंधारे बांधून छत्तीसगड उन्हाळ्यात पाणी अडवतो आणि नको तेव्हा, न कळवता, दरवाजे उघडतो. छत्तीसगडचे म्हणणे असे, की पावसाळ्यात महानदीचे प्रचंड पाणी समुद्राला मिळते, त्यातला आपला वाटा आपण अजून वापरलेलाही नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दोन्ही बाजूंनी अर्धेच सांगितले जाते. ओडिशा हे सांगत नाही, की हिराकूडचे पाणीही कारखान्यांकडे वळले म्हणून २००७मध्ये त्याच्याच शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि सप्टेंबर २०११च्या महापुरानंतर जलाशय वेळेआधी इतका भरून का ठेवला, हा प्रश्न त्याच्याच विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत विचारला गेला. आणि छत्तीसगड हे सांगत नाही, की महानदीवरचे बंधारे बांधताना डोळ्यांसमोर प्रामुख्याने शेतकरी नव्हता, औष्णिक वीज प्रकल्प होते.

मार्च २०१८मध्ये केंद्राने महानदी जलविवाद लवाद नेमला. त्याचे पहिले अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती अजय खानविलकर होते. मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. आज दोन्ही राज्यांत एकाच पक्षाची सरकारे आहेत आणि चर्चेने तोडगा काढण्याची भाषा ऐकू येते. ती स्वागतार्ह आहे. पण वाटपाचा आकडा ठरायला आणखी किती वर्षे लागतील ते लागोत, कोणत्या दरवाजातून किती वाजता किती पाणी सुटले हे एकमेकांना आणि लोकांना कळवण्यासाठी लवादाच्या निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी एक दूरध्वनी पुरतो.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते: अलमट्टी. कर्नाटकातले ते धरण ५१९.६० मीटरपर्यंत भरायचे की नाही, विसर्ग कधी वाढवायचा, यावर दोन राज्यांचे मंत्री एकमेकांशी बोलत होते आणि लोक कौलांवर बसून होडीची वाट पाहत होते. पुढे वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडण्यास नकार दिला. समितीचा निष्कर्ष काहीही असो, सांगलीकराच्या मनातली शंका गेलेली नाही, आणि ती जाणारही नाही. कारण ज्या तासांत पातळीविषयीचे निर्णय झाले, त्या तासांत त्याला कोणी काही सांगितले नव्हते. त्यानंतर दोन्ही राज्यांचे अभियंते पावसाळ्यात नियमित संपर्कात राहू लागले, जून २०२१मध्ये दोन्ही सरकारांची त्यासाठी बंगळुरूत बैठकही झाली. पुराच्या राजकारणात इतके शहाणपणही थोडे नव्हे. कृष्णेवर वरचे राज्य खालच्या धरणावर संशय घेते, महानदीवर खालचे राज्य वरच्या बंधाऱ्यांवर. नदीची दिशा बदलली तरी संशयाचे कारण एकच राहते.

कोयनेचा अनुभव तर पातळीच्या प्रश्नाला जमिनीच्या पोटापर्यंत नेतो. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी दशकानुदशके तेथील धक्क्यांची नोंद ठेवली. पावसाळ्यात जलाशय भरतो, नंतर उतरतो, आणि धक्क्यांची वारंवारता त्या चढउताराशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. पाणी किती आहे एवढेच महत्त्वाचे नाही, ते किती वेगाने चढले किंवा उतरले हेही महत्त्वाचे ठरते. सर्वच धरणांना हे लागू नाही; छत्तीसगडचा खडक वेगळा आहे. तरीही पातळीतला बदल ही केवळ नोंदवहीतली ओळ नसते, हे सह्याद्रीने आपल्याला पन्नास वर्षांहून अधिक काळ शिकवले आहे.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण असे, की पुढच्या काळात हे चढउतार वाढणार आहेत. सौरऊर्जा दिवसा मुबलक मिळते आणि सूर्य मावळला की संपते. संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत देशाला विजेची सर्वाधिक निकड असते आणि बटण दाबताच काही मिनिटांत सुरू होणारे यंत्र जलविद्युतचेच असते. कोरबा आणि सीपतची औष्णिक केंद्रे हजारो मेगावॅटची असली तरी ती अशी उठबस करू शकत नाहीत. म्हणून जुन्या जलविद्युत केंद्रांना आता दिवसभर संथपणे चालण्याऐवजी संध्याकाळी जोरात चालण्याचे काम मिळू लागले आहे. त्यात उदंचन जलविद्युत प्रकल्पांची भर पडते आहे: दिवसा स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, रात्री खाली सोडून वीज करायची. महाराष्ट्रात घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प हे २००८पासून करतो आहे. छत्तीसगडमध्ये हसदेव बांगो, गरियाबंदचे सिकासार आणि जशपूर जिल्ह्यातील काही जागा यांसाठी निवडल्या गेल्या असून एकूण सात हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेचे बेत आहेत. आज राज्य वीजनिर्मिती कंपनीची सारी जलविद्युत क्षमता दीडशे मेगावॅटही नाही, यावरून या उडीचा अंदाज यावा.

मी या प्रकल्पांच्या विरोधात नाही. कोळशाच्या राखेत वाढलेल्या कोरब्याच्या मुलांकडे पाहिल्यावर कोणताही शहाणा माणूस सौर आणि जलविद्युतच्या विरोधात जाणार नाही. परंतु ज्या जलाशयाची पातळी आजवर ऋतूंनुसार बदलत होती, ती उद्या तासांनुसार बदलू शकेल. ऋतूंचा अंदाज घेऊन शेती करता येते, जाळे टाकता येते, म्हैस पाण्यावर नेता येते. तासांचा अंदाज काठावरच्या माणसाने कसा घ्यायचा?

सध्या त्याला काय उपलब्ध आहे? केंद्रीय जल आयोग दर गुरुवारी देशातील प्रमुख जलाशयांच्या साठ्याची माहिती प्रसिद्ध करतो. त्यात बांगो आहे, गंगरेलही आहे. पूर्ण संचय पातळी, आजची पातळी, गतवर्षीची, दहा वर्षांची सरासरी. धोरणकर्त्यांसाठी आणि माझ्यासारख्या स्तंभलेखकासाठी ते उत्तम साधन आहे. पण ज्याच्या वेलांना उद्या संध्याकाळी पाणी लागणार आहे, त्याला मागच्या गुरुवारचे आकडे काय कामाचे? धरण सुरक्षा कायदा २०२१ हा आपत्कालीन कृती आराखड्याची सक्ती करतो आणि हे मोठे पाऊल आहे. परंतु त्या कायद्याची नजर मुख्यतः धरण फुटण्याच्या भयाकडे आहे. धाराजीला धरण फुटले नव्हते. लारजीलाही नाही. दोन्ही धरणे ठणठणीत होती आणि नेमून दिलेले काम करीत होती.

म्हणून मागणी अगदी साधी आहे, इतकी की ती मांडताना संकोच वाटतो. उद्याचे वीजनिर्मितीचे वेळापत्रक भारप्रेषण केंद्रात आदल्या दिवशीच तयार होते. विजेचा प्रत्येक पंधरा मिनिटांचा हिशेब तेथे असतो. तेच वेळापत्रक पाण्याच्या भाषेत उतरवून, म्हणजे किती वाजता नदी किती चढेल असे सांगून, धरणाखालच्या ग्रामपंचायतींना आदल्या संध्याकाळी द्यावे. छत्तीसगडीत, गोंडीत, जेथे जी बोली असेल तिच्यात. ऐनवेळी ग्रिडला गरज पडली आणि वेळापत्रक मोडावे लागले, तर आधी भोंगा आणि मग पाणी, हा क्रम यंत्रातच बसवावा, माणसाच्या आठवणीवर सोडू नये. पहिली काही मिनिटे विसर्ग थोडा ठेवून मग वाढवावा, म्हणजे पात्रातल्या माणसाला बाहेर येता येईल. याने वीज महामंडळाचे काही रुपये बुडतील. बुडू द्यावेत.

वरच्या बाजूचा प्रश्न थोडा अवघड आहे. गाळपेर जमीन कायद्याने शासनाची असते. महाराष्ट्रात ती वर्षावर्षाने भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत तरी आहे आणि तीत मूळ प्रकल्पग्रस्ताला प्राधान्य असल्याचे निदान कागदावर सांगितले जाते. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी काठावरचा माणूस स्वतःच्याच बापजाद्यांच्या शिवारात अतिक्रमण करणारा ठरतो, आणि मग ‘तात्पुरत्या’ वाढीने पीक गेले तरी पंचनामा कोणाच्या नावाने करायचा, हा प्रश्न तलाठ्याला पडतो. नोंदच नाही तर नुकसानही नाही. माझ्या मते अशा मोसमी शेतीची नोंद ठेवणे, पातळी कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या रेषेखाली ठेवली जाईल हे पेरणीआधी जाहीर करणे, आणि ती रेषा मोडल्यास भरपाई देणे, एवढे तर करता येईल. शासन असे म्हणेल, की मग उद्या हे लोक जमिनीवर हक्क सांगतील. सांगतीलही. ज्यांची जमीन बारमाही घेतली, त्यांनी चार महिन्यांच्या ओल्या गाळावर हक्क सांगितला तर राज्य खचणार नाही.

आणि हे जमणार नाही असे मला कोणी सांगू नये. दरवर्षी माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमला मेळा भरतो. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर, वाळूच्या पात्रात, लाखो लोक उतरतात. त्या दिवसांत नदीला पाणी नसते, म्हणून स्नानासाठी गंगरेलमधून पाणी सोडले जाते. ते संगमावर केव्हा पोहोचेल, किती खोल असावे, कुंडात किती ठेवावे, कोणत्या दिवशी बंद करावे, याच्या बैठका आधी होतात. जिल्हाधिकारी असतात, जलसंपदा विभागाचे अभियंते असतात, पोलीस असतात, साधुसंतांचे प्रतिनिधी असतात. वर्तमानपत्रांत आगाऊ बातमी येते. पाणी ठरल्या वेळी येते, आणि ते कधी येणार हे घाटावर फुले विकणाऱ्या बाईलासुद्धा माहीत असते.

गंगरेलच्या काठावरचा तो शेतकरी आता वेल उपटून वर गेला असेल किंवा आणखी एक आठवडा थांबण्याचा जुगार खेळत असेल. काकड्या धरू लागल्या होत्या.